तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याची बाटली का चालत नाही?

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडचे एमआरआय टेक्निशियन आणि फिजिक्सची मुलं हमखास विचारतात: मशीन तपासायला जेलचं फँटम (शरीराऐवजी स्कॅन करायचा नमुना) कशाला? डिस्टिल्ड पाण्याची बाटली ठेवली तर काय बिघडतं?

सिग्नल येतो का, एवढंच बघायचं तर काहीच नाही. पण पाण्याचे टी-वन (अणू चुंबकाच्या दिशेनं पुन्हा सावरायला लागणारा वेळ) आणि टी-टू (सिग्नल विरायला लागणारा वेळ) दोन्ही दोन-तीन सेकंदांचे. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकात स्नायूचा टी-वन सेकंदाच्या आसपास, टी-टू मात्र जेमतेम ४०-५० मिलिसेकंद. पाण्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा निकेल क्लोराइड घातलं तर दोन्ही जोडीनंच खाली येतात, मधलं वीसपट अंतर काही पडत नाही. ते पाडतो अगार, म्हणजे आपला चायना ग्रास. तो टी-टू झपाट्यानं उतरवतो, टी-वनला फारसा हात लावत नाही. म्हणून आधी अगारनं टी-टू बसवायचा, मग निकेलच्या क्षारानं टी-वन. शिवाय टेबल आत गेल्यावर बाटलीतलं पाणी बराच वेळ हेलकावतं, जेल हलत नाही.

स्नायूसारख्या एक लिटरला अगार २० ग्रॅम, मीठ ३ ग्रॅम (सिग्नल पकडणाऱ्या कॉइलवर शरीरासारखा विद्युत भार यावा म्हणून), सहा पाण्यांचं (हेक्साहायड्रेट) निकेल क्लोराइड ०.२४ ग्रॅम. एवढंसं निकेल नीट तोलता येत नाही, २.४ ग्रॅमचं १०० मिलि द्रावण करा आणि त्यातलं १० मिलि घाला. हातमोजे हवेतच, निकेल विषारी आहे. किराणा दुकानातल्या चायना ग्रासचा दर पाकिटाला गुण वेगळा, तेव्हा प्रयोगशाळेची पूड घ्या, तीही एकाच लॉटची. जिलेटिन नको, एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवलं की पातळ होतं.

अगार गार पाण्यात भुरभुरा आणि भिजू द्या. गरम पाण्यात थेट टाकलात तर गुठळ्या होतात, त्या शेवटपर्यंत विरघळत नाहीत. मग उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ९० अंशांच्या वर न्या, पारदर्शक होईपर्यंत. बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईला आटणं हवं असतं, इथं आटणं हाच घोटाळा: पाणी उडालं की अगारचं प्रमाण चढतं. भांडं आधी आणि नंतर तोला, तूट गरम पाण्यानं भरा. ढवळायचं अलगद.

ओतायचं साधारण ५५-६० अंशांना, बाटली तिरकी धरून, काठोकाठ. ४० च्या खाली गेलं की गोठायला लागतं. त्याआधी बुडबुडे वर येऊ द्या. ग्रेडियंट एको नावाच्या स्कॅनमध्ये मोहरीएवढा बुडबुडा मूळ आकाराहून कितीतरी मोठा काळा डाग देतो. झाकण प्लास्टिकचंच.

पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशी रोखणारं सोडियम बेंझोएट आम्लात चांगलं चालतं, या जेलमध्ये ढिलं पडतं. म्हणून जेल फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, गोठून सुटलं की त्यातून पाणी झरतं. तपासणीच्या आदल्या रात्री स्कॅनरच्या खोलीत आणून ठेवा. बुरशीसाठी सोडियम अझाइड वापरणार असाल तर मोरचूदाच्या जेलमध्ये कधीही घालू नका: तांब्याचं अझाइड स्फोटक असतं.