एकाच टेकडीवरच्या दोन शिळा

रोमच्या देवांवर कुठे बोलले की प्रश्न हमखास येतो: इतक्या परक्या देवांना सामावून घेणाऱ्या रोमला सीरियाचा सूर्यदेवच तेवढा का खुपला? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

इ. स. २१८ मध्ये एलागाबालुस हा चौदा वर्षांचा पोरगा सम्राट झाला. एमेसा, म्हणजे आजचं होम्स, तिथल्या सूर्यदेवाचं पुजारीपण त्याच्या आजोळी पिढीजात. देवाला मूर्ती नव्हती; आपल्याकडच्या तांदळ्यासारखी एक काळी शिळा, बुडाशी गोल, वर निमुळती. ती आकाशातून पडली अशी श्रद्धा. पोरानं ती रोमला आणली आणि पॅलाटाइन टेकडीवर, कोलोसियमच्या अंगाला, तिच्यासाठी भलंथोरलं देऊळ बांधलं.

उन्हाळ्यात तिची मिरवणूक निघे. हेरोडियन या त्या काळच्या इतिहासकारानं तिचं वर्णन केलंय. सहा पांढरे घोडे, रथात माणूस नाही, लगाम देवाच्याच हाती असल्याचा देखावा. देवाला पाठ दिसू नये म्हणून सम्राट रथापुढे उलट्या पावलांनी धावतोय आणि तो ठेचकाळू नये म्हणून रक्षक त्याला सावरताहेत. (नाण्यांवर घोडे चारच दिसतात. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक त्याच्या वाईटावर टपलेले, तेव्हा मीठमसाला धरूनच चाला.)

आता गंमत बघा. याच टेकडीवर आशियातून आलेली आणखी एक काळी शिळा होती: सिबेली देवीची. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ. स. पू. २०४ मध्ये, सिनेटनं ती स्वतः मागवून घेतली होती. चार शतकं तिचं व्यवस्थित चाललेलं. म्हणजे परकेपणाचं वावडं नव्हतं. पण ती सिनेटच्या आमंत्रणावरून आली आणि बाकीच्या देवांच्या पंगतीत बसली. हा पोरगा आपल्या देवाला रोमचा मुख्य देव ज्युपिटर याच्याही वर बसवायला निघाला, चुलीच्या अग्नीची देवी वेस्टा हिच्या पवित्र वस्तू त्याच्या देवळात हलवू लागला, वर वेस्टाच्या व्रतस्थ पुजारणीशी लग्नही केलं. माझ्या मते रोमला देव नाही, हा मानपानाचा उलटफेर झोंबला.

२२२ मध्ये सैनिकांनी त्याला ठार मारलं. शिळा एमेसाला परत गेली, देऊळ ज्युपिटरला दिलं.

पुढे २७४ मध्ये सम्राट ऑरेलियननं सूर्यदेवाचं मंदिर बांधलं, तेही सीरियातल्याच पाल्मायरा शहराच्या लुटीतून सजवून. पुजारी मात्र त्यानं सिनेटरांतूनच नेमले. त्या देवाला कुणी रोमबाहेर काढलं नाही.