मैना टेम्पोत चढेना

दोन घोड्या यात्रेला न्यायच्या तयारीची यादी मी केली होती. आठवड्याची चंदी म्हणजे दाणा, कडब्याची कुट्टी, लसूणघास, तो दाणा तोंडाला बांधायचे दोन तोबरे, दोन झुली, अगाडी-पिछाडीचे दोर, अंग घासायचा खरारा. शिवाय घरच्या विहिरीच्या पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप आणि गुळाची ढेप, कारण परगावचं पाणी घोडं नुसतं हुंगतं आणि मान फिरवतं. नालबंदाला आठ दिवस आधीच बोलावलं, नवा नाल खुपत असेल तर घरीच कळावं म्हणून. मामा वही बघून म्हणाले, "लग्नाला एवढं सामान नेलं नव्हतं रे आम्ही."

मामांची वस्ती फलटणजवळ. जायचं होतं सारंगखेड्याला, तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या घोड्यांच्या यात्रेत. सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. चार वर्षांची मैना विकायची होती आणि चौदा वर्षांची काशी नुसती सोबतीला. एकटं घोडं प्रवासात हबकतं.

कागदांचीही हौस मीच केली. डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला काढला. ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची रक्ततपासणी मागेच झाली होती. तो रोग माणसालाही होतो आणि निघालाच तर जनावर मारावं लागतं, त्यामुळे हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रातून अहवाल येईपर्यंत मामांना नीट झोप नव्हती. मग जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम वाचले: एका गाडीत चार-सहांपेक्षा जास्त घोडी नाहीत, दोन घोड्यांच्या मध्ये बांबू, तोंडं डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ती बुजणार नाहीत, आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या आत. शेवटचं ऐकून ड्रायव्हर म्हणाला, "मग पुढच्या वर्षीची दत्तजयंती गाठू आपण."

पहाटे चारला टेम्पो आला. आठला आम्ही अजून अंगणातच.

मैना चढेना! फळीवर एक खूर ठेवायची, पत्रा धाडकन वाजायचा, की ही उलटी. चंदीचा तोबरा दाखवला, गूळ दाखवला. दोघांनी पुढून ओढलं, दोघांनी मागून दोर लावून रेटलं. तिनं एकदा मागचे पाय झाडले तेव्हा माझ्या कानाजवळून वारा गेला. शेजारपाजारचे गोळा झाले आणि प्रत्येकाला घोड्यातलं कळत होतं. डोळ्यांवर पोतं बांधा, कान पिळा, चाबूक काढा. एकानं चाबूक खरंच काढला. मामांनी तो हिसकावून उकिरड्यावर फेकला आणि पायरीवर जाऊन बसले. मला रडू यायचं बाकी होतं. दीड महिना मी सामान आणि कागद गोळा करत होतो, आणि मैनेला एकदाही उभ्या टेम्पोजवळ नेलं नव्हतं.

शेवटी खालच्या वस्तीवरचे म्हातारे मोतद्दार, म्हणजे घोडी सांभाळणारे, आले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मैनेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. टेम्पोत डोकावले, पत्र्यावर काठी आपटली आणि माझ्याकडे वळले. "ह्या ढोलावर तू नाचशील का?" मग टेम्पो मागे घेत शेताच्या बांधाला लावायला सांगितला, म्हणजे चढणच उरली नाही. तळाला चार बोटं वाळू, वर भाताचा भुसा. पुढची ताडपत्री वर गुंडाळली. उन्हातून एकदम अंधारात घोड्याला लवकर दिसत नाही, त्याला ती गुहाच वाटते. मग काशीला आधी घेतलं. ती घरात शिरावी तशी शिरली. मैना बांधावर उभी, कान पुढे. चाचांनी दोर ढिला सोडला आणि विडी पेटवली. विडी अर्धी झाली असेल. मैना फुरफुरली, भुसा हुंगला आणि चालत आत गेली.

एवढंच करायचं होतं. चार तास!

रस्त्याबद्दल काय सांगू? अहिल्यानगर ते मनमाड माझी स्वतःची हाडं मी मोजली. पण एक चूक कबूल करायला हवी. पडू नयेत म्हणून मी दोघींची तोंडं वर, आखूड बांधली होती. पहिल्या थांब्यावर काशी खोकायला लागली. घोडं श्वास फक्त नाकानं घेतं, आणि मान खाली घालता आली नाही तर धूळ-शेंबूड बाहेर पडत नाही, छातीत उतरतो. हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. वहीत लिहिलंही होतं. दोर सोडले, तर ती किती तरी वेळ मान खाली सोडून उभी राहिली. चंदी अर्धीच द्या, हा त्यांचा सल्ला मात्र पाळला. घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ झाला तर हायवेवर कुणाला उठवणार?

यात्रेचे तीन दिवस धूळ, लाउडस्पीकर आणि महाग चहात गेले. एकमुखी दत्ताचं दर्शन लांबूनच.

मैना चौथ्या दिवशी विकली गेली. घेणाऱ्याचा टेम्पो आला तो उघड्या पत्र्याचा. मामा पैसे मोजून चहाच्या टपरीकडे निघून गेले, मागे वळले नाहीत. मी आमच्या टेम्पोतून भुशाची दोन पोती ओढली आणि त्यांच्या पत्र्यावर पसरली. तो माणूस म्हणाला, "अहो, तासाभराचा तर रस्ता आहे." मी पसरत राहिलो.

परतीला धुळ्यापर्यंत काशी थांबून थांबून खिंकाळत होती.