चाकामागचा दगड

दुपारी वहिनीचा फोन. गणपतीत कोण कधी येणार, कोणाला सुट्टी, मोदक घरी की विकतचे, हे सगळं झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "आणि काय गं, बाबा म्हणे हिमाचलात जलोरी खिंडीच्या चढाला हातात दगड घेऊन गाडीच्या मागे चालत गेले? काल जेवताना सांगत होते. हसून हसून पुरेवाट झाली आमची."

मीही हसले. फोनवर हसायला काय जातं.

आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, कोलशेत रोडवर डंपर सुरू झालेत, आणि ते हसणं अजून घशाखाली उतरलेलं नाही.

म्हणजे गोष्ट सांगण्यासारखी होती तर. दादाकडे, भरल्या ताटावर, चारचौघांत. माझ्या शेजारच्या सीटवर ठाणे ते हिमाचल आणि हिमाचल ते ठाणे बसून आले, त्यात त्या दगडाबद्दल ब्र काढला नाही. वहिनीला विचारायचं होतं, माझ्याबद्दल काय म्हणाले? नाही विचारलं. ती म्हणाली असती, "अगं, चांगलंच म्हणाले," आणि मला ते खरं वाटलं नसतं.

ज्या माणसाने खोपट डेपोतून आयुष्यभर एसटी काढली, पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यातून भरल्या गाड्या वर नेल्या, त्याला शेजारी बसवून गाडी चालवायची म्हणजे रोज तोंडी परीक्षा, आणि परीक्षक मुका. लोकांचे वडील ओरडतात, हळू घे, ब्रेक मार, आरशात बघ. परवडलं ते. बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसतात. फक्त वळण आलं की त्यांचा उजवा पाय रबरी मॅटवर दाबला जातो. चपलेचा अंगठा आत रुततो, वळण संपलं की सुटतो. कसारा घाटात हे पहिल्यांदा लक्षात आलं. बिजासनच्या घाटापर्यंत अशी वेळ आली की ब्रेक कधी मारायचा ते मी त्यांच्या अंगठ्यावरून ठरवायला लागले. आणि ते बरोबर यायचं, ही चीड वेगळी.

गाडी त्यांचीच. कागदावर अजूनही. निवृत्तीनंतर घेतलेली ओम्नी, मागची सीट आडवी पाडून वर मी फळी आणि गादी टाकलेली, खिडक्यांना आईच्या सुती साडीचे पडदे. ते पडदे शिवताना बाबा खोलीत आले होते आणि काही न बोलता परत गेले होते. असो. २०२८ला तिची पंधरा वर्षं भरतील, मग पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर. दादाचं म्हणणं, त्याआधी काढून टाका. तो विषय आज नको.

तर जलोरी. औटवरून आत वळलं की बंजार, जिभी, शोजा, आणि शोजाच्या पुढे खिंडीपर्यंत जेमतेम पाच किलोमीटर. पाच किलोमीटर म्हणजे इथे कापूरबावडीपासून घरी येऊन पुन्हा दूध आणायला जाण्याइतकं. बंजारला पेट्रोल भरताना पंपावरच्या मुलाने आधी गाडीकडे, मग एमएच ०४कडे आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "दीदी, पहला गियर डालो और भूल जाओ." मला वाटलं चेष्टा करतोय.

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, नवी असताना पस्तीसेक हॉर्सपॉवर. उंचावर हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. जलोरी ३,१२० मीटरवर. म्हणजे माथ्याजवळ आमच्याकडे उरले पंचवीसच्या आसपास घोडे, तेही उतारवयातले. बुलेटपेक्षा थोडे जास्त. आणि त्यांच्या जिवावर आम्ही दोघं, गादी, बॅटरी, पाच किलोचा गॅस, भांड्यांची पेटी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि वहिनीने दिलेला फराळाचा डबा, जो बंजारपर्यंत कोणी उघडलाही नव्हता. त्यात ओम्नीचं इंजिन सीटखाली. गाडी तापली की पहिली बातमी आपल्याच बुडाला लागते.

तरी चढत होती. पहिल्या गिअरमध्ये, किंचाळत, पण चढत होती. दोन्ही बाजूंना देवदार, रस्ता एका गाडीपुरता, समोरचं वळण इतकं उभं की काचेतून रस्ता दिसायच्या ऐवजी आभाळच दिसायचं. आणि अशा एका वळणावर वरून पिकअप आला. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आपल्याकडे बोर्डावर लिहिलेला असतो, तिकडेही असणारच. त्याने हॉर्न दिला आणि आला. मला थांबावं लागलं. तो अंग चोरून गेला, जाताना हातही केला, आणि माझी गाडी त्या उभ्या चढावर अर्ध्यात.

हँडब्रेक ओढला. ॲक्सिलरेटर वाढवून क्लच हळूहळू सोडला. गाडी थरथरली, वीतभर पुढे गेली आणि बसली. पुन्हा तेच. मग तो वास आला, जळक्या क्लचचा. एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही.

बाबा म्हणाले, "थांब."

तेवढंच. दार उघडून खाली उतरले. मागचा दरवाजा वर केला, पाण्याचा कॅन काढला आणि गटाराच्या कडेला उपडा केला. ते मला पटलं, वीस लिटर म्हणजे वीस किलो. मग कठड्याच्या पायथ्याशी वाकले. एक दगड उचलला, उलटा केला, टाकला. दुसरा उचलला. तो एका बाजूने चपटा, दुसरीकडे निमुळता. तळहातावर झेलून वजन बघितलं. इतकं निवांत, की मागे कोणी हॉर्न वाजवत असतं तर मला रडू आलं असतं. मागच्या चाकाखाली तो सरकवला, टाचेने दाबला, आणि आरशात मला हात दिसला. चल.

दगडाला टेकून गाडी उभी राहिली तेव्हा हँडब्रेकची चिंता संपली, आणि या वेळी ती उचलली गेली. साठ किलोचा माणूस आणि वीस किलो पाणी उतरल्याने तिला बराच फरक पडत असावा. आता थांबायची सोय नव्हती. थांबले तर पहिले पाढे पंचावन्न. मी तशीच पुढे. आरशात बाबा वाकून दगड उचलताना दिसले, मग लहान होत गेले, मग वळण.

वर देवीच्या देवळाजवळ गाडी लावली. चहा सांगितला. चहा संपला. पंचाहत्तरीला आलेला माणूस, तीन हजार मीटरवर, दीड-दोन किलोमीटर चढ एकटा चढतोय, हे मला चहा संपल्यावर नीट उमगलं. गाडीला कुलूप लावून मी खाली निघाले. शेवटच्या वळणाच्या आत ते दिसले. सावकाश, एका लयीत, स्वेटर कमरेला बांधलेला.

हातात तो दगड.

हेच. इथेच मी संध्याकाळपासून अडकले आहे. मी दिसेनाशी होऊन कितीतरी वेळ झाला होता. गाडी नाही, चाक नाही, मग दगड कशाला? तीन-चार किलोचा तरी असेल. एवढ्या उंचीवर, जिथे रिकाम्या हाताने चालताना धाप लागते, तिथे हा माणूस दगड घेऊन चढतोय. म्हणजे प्रत्येक वळणावर त्यांना वाटत होतं की पलीकडे ही अडकलेली दिसणार. वळण आलं, नाही दिसली. बरं, पुढच्या वळणावर दिसेल. असं माथ्यापर्यंत!

मी विचारलं, "एवढा वेळ?"

ते म्हणाले, "गाडी?"

"वर लावलीय."

"हं."

ते 'हं' मी इतक्या वेळा मनात वाजवून बघितलं आहे की आता त्यात कौतुकही ऐकू येतं, निराशाही, आणि नुसता दमही. बहुधा दमच असेल. दगड त्यांनी सीटखाली ठेवला. एसटीत असताना सीटखाली लाकडी ठोकळा ठेवायचे, तसा. आणि दादाकडे सांगताना मात्र 'गाडीच्या मागे चालत गेलो'. गाडी कुठे होती पुढे? गाडी कधीच वर पोचून चहा पीत होती. एवढं तरी सांगायचं.

लहानपणी नाशिकला जाताना कसाऱ्याला आगगाडी थांबायची आणि मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागायचा. धक्का बसला की बाबा म्हणायचे, लागला बघ. कसारा ते इगतपुरी चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. आगगाडीसाठी तो भयंकर. सगळा भार पुढून ओढला तर कपलिंगवर ताण येतो, आणि मध्येच ते तुटलं तर मागचे डबे उताराला लागतील. म्हणून इंजिनं मागून लावतात, ढकलायलाही आणि अडवायलाही. २०१९ला मध्य रेल्वेची राजधानी सुरू झाली, तिला पुढेमागे इंजिनं जोडून बँकरसाठी थांबायचा वेळ वाचवला. बँकर लागला म्हणून पुढच्या लोको पायलटने कधी मनाला लावून घेतल्याचं ऐकिवात नाही. पण त्याला आधी माहीत तरी असतं. आणि बँकर इगतपुरीला सुटतो तो गपचूप परत जातो, दादाच्या घरी जेवायला बसून गोष्टी सांगत नाही.

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. चिडायला जागा मिळाली की माणसाला बरं वाटतं.

आणि हे लिहिताना एक आठवलं, जे मी दुपारपासून सोयीस्कर विसरले होते. पलीकडचा उतार. जलोरीवरून खनागकडे उतरताना रस्ता तितकाच उभा, आणि घाटात खरी भीती उताराची. चढावर फार तर गाडी बंद पडते. बाबांचा आम्हाला पाठ झालेला नियम, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर विसंबू नका, ब्रेक तापले की लागत नाहीत. मी पहिल्यात टाकली आणि इंजिनच्या जोरावर रोखून धरत उतरवली. ओम्नीत पुढची चाकं आपल्या खाली असतात, नाकासमोर बॉनेटही नाही. वळणावर आपण अक्षरशः दरीच्या वर लटकतो. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं, सवयीने.

अंगठा सैल होता. बाबा झोपले होते. तोंड जरा उघडं, मान खिडकीला टेकलेली, दर खड्ड्याला डोकं काचेवर आपटतंय आणि जाग नाही.

याचा अर्थ काय लावायचा? चढावर माझा भरवसा नाही आणि उतारावर आहे? की दीड-दोन किलोमीटर दगड वाहून आणलेला म्हातारा माणूस कुठेही झोपला असता, अगदी माझ्याऐवजी दादा चालवत असता तरी? (दादाने दुसऱ्यात उतरवली असती. हे नक्की.)

संध्याकाळी बाबा दादाकडून आले. मी विषय काढायचा म्हणून म्हटलं, गॅरेजवाला म्हणतो क्लच प्लेट गेलीय. "जाणारच," म्हणाले. मी वाट बघितली. पुढे काही तरी येईल. आलं ते असं, "प्रेशर प्लेटही बदलायला सांग, पुन्हा पुन्हा खोलायला नको." मग पेपर उघडला. मग पेपराआडून, "आणि मी सुताराला सांगितलंय. बाभळीचे दोन ठोकळे. दगड बरा नव्हता तो, कडेने झिजत होता."

दोन ठोकळे. म्हणजे पुढच्या वेळचं ठरलेलं आहे. कुठे, ते मला विचारलेलं नाही, ते ओघाने आलंच. पण दोन सांगितलेत.

माप काय दिलं, विचारलं. त्यांनी हाताने दाखवलं. मी बघतच राहिले. ते एसटीच्या चाकाचं माप होतं! ओम्नीला बारा इंची चाकं, तिच्यामागे तो ठोकळा घातला तर गाडी त्याच्यावरच चढून बसेल. टेप आणून मोजून दाखवलं तेव्हा पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "हो की."

सकाळी सुताराला फोन करून खरं माप मीच सांगणार आहे. मागे दोरी बांधायला भोकही पाडायला सांगणार आहे, ट्रकवाले करतात तसं, म्हणजे गाडी पुढे गेली की ठोकळा आपोआप ओढला जातो आणि कोणाला तो हातात घेऊन घाट चढायला नको. बाबा म्हणतात दोरी नको, अडकते. त्यावर आमचं अजून जमलेलं नाही.