दस्तुरी नाक्यापुढे गाडी नाही

माथेरानला मोटार चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग ती जिथे थांबते तिथे काय होतं, हे मात्र तिथे पोचेपर्यंत कुणी विचारत नाही. माथेरानचे ३८ पॉइंट, शार्लोट तलाव, सूर्यास्त यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मी इथे लिहितोय ते पायथ्याचं नेरळ स्टेशन ते माथेरान बाजारपेठ एवढ्याच टप्प्याबद्दल. सहल सुखाची होणार की चिडचिडीची, ते या टप्प्यातच ठरतं. शिवाय गाड्या बाहेर ठेवून माणसं आत नेणं किती किचकट असतं, ते बघायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि इथे थंड हवेचं ठिकाण वसलं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची मिनी ट्रेन सुरू झाली. म्हणजे गाव वाढलं ते आगगाडी, घोडा आणि माणसाचे पाय यांच्या मापाने. रस्ते अरुंद, तांबड्या मातीचे, दोन्ही बाजूंना झाडी. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडून इतर वाहनांना बंदी त्यात कायम झाली. दस्तुरी नाका ही त्या बंदीची वेस.

नेरळपासून नाक्यापर्यंतचा घाट जेमतेम सात-आठ किलोमीटरचा, पण चढ अंगावर येणारा आहे. वळणं इतकी आखूड की आतल्या बाजूने वळण घेतलं तर गाडीची गती मरते आणि मग हाफ क्लच. खरी गोम तिथेच आहे. माणसं चढावर रांगेत अडकतात, क्लचवर गाडी तोलत राहतात, आणि दहा मिनिटांत जळका वास येतो. अशी एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या अडकतात, कारण बाजूला घ्यायला जागाच नाही. उपाय साधा आहे. रांग थांबली की हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, पुढची गाडी निदान दोन गाड्यांचं अंतर सरकली की पहिल्या गिअरमध्ये एकदम निघा. इंच इंच सरकू नका. इंजिनाचा काटा वर जायला लागला तर एसी बंद. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. हा नियम मोटार वाहन चालकांच्या नियमावलीत लिहिलेला आहे, पण रविवारी संध्याकाळी उतरणाऱ्यांना तो आठवत नाही.

घाटात सराव नसेल तर गाडी नेरळलाच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जत आणि खोपोली लोकल नेरळला थांबतात, स्टेशनबाहेर टॅक्सी स्टँड आहे आणि माणशी सीटच्या भाड्याने टॅक्सी मिळते. ते टॅक्सीवाले दिवसातून कितीतरी वेळा हा घाट चढतात. वर पार्किंगची चिंता नाही, उतरताना ब्रेक तापण्याची चिंता नाही.

तरी गाडी वर नेणार असाल तर शनिवारी सकाळी आठच्या आत पोचा. नाक्यावरचा वाहनतळ डोंगरउताराला लागून आहे, वाढवायचा तर झाडं तोडावी लागतील, म्हणजे वाढणार नाही. तो भरला की रांग घाटात उतरते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत गाड्या खालीच अडवायची वेळ येते. गाडी लावताना पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड द्या, काचा पूर्ण बंद करा. खाऊची पिशवी सीटवर दिसेल अशी ठेवू नका. माकडं वायपर आणि दाराचं रबर यांवर राग काढतात.

आता नाका. इथे एकाच चिंचोळ्या जागेत टॅक्स्या वळतात, खाजगी गाड्या जागा शोधतात, प्रवासी कराची खिडकी असते, घोडे उभे असतात, हमाल असतात, लॉजचे एजंट असतात. नवखा माणूस गाडीतून उतरताच त्याला चार जण घेरतात आणि सांगतात की ट्रेन बंद आहे, रिक्षा मिळणार नाही, बाजार लांब आहे. यातलं बरंचसं खोटं असतं. मार्च २०२५ मध्ये पर्यटकांच्या या दिशाभुलीला कंटाळून गावाने बेमुदत बंद पुकारला, यावरून दुखणं किती जुनं झालं होतं ते कळावं. म्हणून क्रम पक्का ठेवा. उतरल्यावर कुणाशी भाव करायचा नाही. सरळ कराच्या खिडकीवर जायचं, पावती घ्यायची आणि ती परतेपर्यंत जपायची. तिथून काही मिनिटांवर मिनी ट्रेनचं अमन लॉज स्टेशन. तिथली तिकीट खिडकी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. घोडा किंवा हमाल हवाच असेल तर दरफलक वाचून, घोड्याचा परवाना क्रमांक बघून, सामानासकट किती ते आधी ठरवून.

नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर कापायचे पर्याय असे: शटल, इ-रिक्षा, घोडा, पाय. हातरिक्षाबद्दल पुढे लिहितो.

शटल म्हणजे अमन लॉज ते माथेरान धावणारी मिनी ट्रेन. सहा डब्यांची, त्यातले दोन डबे सामान आणि प्रवासी मिळून. नेरळहून येणारी पूर्ण गाडी साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, कारण घाटात दरडी येतात आणि रुळांखालची माती वाहून जाते. २०१९ च्या पावसाने मार्ग इतका उखडला की पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्येच परत सुरू झाली. शटल मात्र पावसाळ्यातही धावते, कारण तिचा टप्पा माथ्यावर, बऱ्यापैकी सपाटीला आहे. तिकिटं खिडकीवरच आणि गाडीच्या वेळेच्या थोडं आधी मिळतात. गर्दीच्या दिवशी पुढच्या गाडीसाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा चालत निघालेला माणूस आधी पोचतो. पाऊण तासाची चाल आहे, बरीचशी सावलीतून.

इ-रिक्षाचा इतिहास थोडा कोर्टातून जातो. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा इथे बंदीच्याच आडोशाने टिकली, कारण म्हातारं, आजारी माणूस न्यायला दुसरं चाक नव्हतं. तिचे परवाने ९४ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इ-रिक्षाच्या प्रयोगाला परवानगी दिली, ५ डिसेंबर २०२२ ला सात इ-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावल्या, पुढे जानेवारी २०२४ मध्ये संख्या २० वर बांधली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असं ठरलं. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत पूर्ण बंद करून त्यांचं इ-रिक्षात पुनर्वसन करायला सांगितलं. निर्णय उत्तम. पण प्रवाशाने २०२४ च्या २० या आकड्याचं गणित करून बघावं. एका रिक्षात चार माणसं, जाऊन-येऊन, चढ-उतार धरून पाऊण तास. सगळ्या रिक्षा रस्त्यावर असल्या तरी तासाला शंभर-एकशेसात माणसं एका दिशेने जाणार. त्यातून चार्जिंगला उभ्या असलेल्या वजा करा, शाळेच्या वेळी मुलांच्या फेऱ्या वजा करा. तासाला पन्नास गाड्या वर आल्या तरी दोनशे माणसं उतरली. म्हणजे इ-रिक्षा ही सगळ्यांची सोय नाहीच. ती ज्येष्ठ, लहान मुलं, गुडघे धरलेले आणि गावकरी यांच्यासाठी सोडा. धडधाकट माणसांनी तिची रांग अडवणं मला पटत नाही.

चालणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाकांची बॅग. तांबड्या मातीत आणि रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत ती चाकं पहिल्या किलोमीटरलाच अडायला लागतात, आणि मग हमाल शोधावा लागतो. पाठीवर आठ-दहा किलोच्या आत मावेल एवढंच सामान आणा. पावसाळ्यात दातेरी तळाचे बूट, उन्हाळ्यात तोंडाला रुमाल, कारण घोडे गेले की लाल धूळ आणि वाळलेली लीद एकत्र उडते. रोख पैसे जवळ असू द्या.

या तीन किलोमीटरच्या पृष्ठभागावरूनच गावात वर्षानुवर्षं भांडण चाललंय. पेव्हर ब्लॉक हवेत की नकोत? दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं की दोन्ही खरी वाटतात. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघडी माती उतारावरून वाहते, रस्त्याचा ओढा होतो, झाडांची मुळं उघडी पडतात आणि रिक्षाची चाकं रुततात. उलट ब्लॉक ओले झाले की नाल ठोकलेला घोडा घसरतो, पाणी मुरायचं थांबून कडेने जोरात धावतं, आणि गुळगुळीत रस्ता दिसला की उद्या मोटार आणायचा मोह होतो. ही शेवटची भीती मला सगळ्यात रास्त वाटते. २०२५ च्या निकालाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता ब्लॉकचा आणि आतल्या वाटा मातीच्या, अशी रेघ ओढली. व्यवहाराला धरून आहे. पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटा मातीच्याच राहिल्या तर तिथे आपोआप पाय आणि टापाच जातील.

आता साताऱ्याच्या कास पठाराकडे बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात ते आलं आणि फुलांच्या हंगामात माणसांचा पूर लोटला. तिथे दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, गाड्या लांब लावून मिनीबसने पठारावर, अशी पद्धत बसवली गेली. म्हणजे कासला माणसं मोजतात. माथेरानला फक्त गाड्या अडवतात, माणसं कितीही येवोत. मोटारबंदीने हवा आणि शांतता राखली, गर्दी नाही राखली. घाटरस्ता आणि टॅक्सी सोपी झाली तसं एका दिवसात येऊन जाणारं पर्यटन वाढलं, आणि सगळा भार नाक्यावरच्या त्या मूठभर जागेवर पडला. वाहनतळाची जागा आधी नोंदवूनच घाट चढायचा, नोंदणी नसेल तर गाडी नेरळला लावून टॅक्सी किंवा बस, एवढं जरी केलं तरी घाटातली रांग मोडेल. कासला ऑनलाइन नोंदणीचा सराव लोकांना झालाच आहे. दुसरं, टॅक्स्यांना वळून माणसं उतरवायची जागा खाजगी पार्किंगपासून तोडायला हवी. तिसरं, शटलच्या पुढच्या गाडीची वेळ आणि इ-रिक्षाचा दर दाखवणारा मोठा फलक गाडीतून उतरायच्या आधी, रांगेतच दिसला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्यांचं निम्मं भांडवल तिथेच संपेल.

बंदीचं बिल गावही भरतं, हे लक्षात असू द्या. भाजी, सिलिंडर, सिमेंट हे सगळं नाक्यावर उतरवून घोड्यावर किंवा माणसाच्या डोक्यावर आत जातं. जेवण खालच्यापेक्षा महाग लागलं तर हॉटेलवाल्याशी हुज्जत घालू नका.

परतीचं गणित वेगळं. रविवारी सगळे चेक-आउट करून जेवून निघतात, त्यामुळे दुपारी तीननंतर शटलची रांग, नाक्याची रांग आणि घाटाची रांग एकामागोमाग लागतात. एकतर सकाळी अकराच्या आत निघा, नाहीतर सोमवारी. रेल्वेने नेरळला उतरायचं तर वर जाणाऱ्या गाड्या सकाळी आणि उतरणाऱ्या दुपारी, त्याही मोजक्याच असतात. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आल्याआल्या माथेरान स्टेशनवर विचारून ठेवा. स्वतःच्या गाडीने उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. पेडल मऊ लागायला लागलं किंवा चाकांतून वास आला तर घाटातल्या जुम्मापट्टीच्या आसपास रुंद जागा बघून थांबा आणि वीस मिनिटं गाडी निवू द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते.