अशा दिवसांत तुम्हाला विनोद सुचतो तरी कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी लग्नाच्या पंगतीपासून तेराव्याच्या जेवणापर्यंत सगळीकडे “सुचतं हो, सवयीनं” म्हणून मी हा प्रश्न वाटेला लावतो. विचारणारे दोन प्रकारचे. एकाला म्हणायचं असतं, की माणसं मरतायत आणि तुम्ही चित्रं कसली काढताय. दुसरा जास्त छळतो. खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “तेवढंच हसू, तेवढाच ताण हलका होतो.” जणू मी खोकल्याचं औषध विकायला बसलोय.

एके काळी मीही हेच बोलायचो. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत तर छाती पुढे काढून. पुराव्याला व्यंगचित्रकार अबू अब्राहमांचं ते चित्र ठरलेलं. डिसेंबर 1975, ‘इंडियन एक्स्प्रेस’. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमध्ये बसल्या बसल्या कागदावर सही करून दाराबाहेर देतायत आणि सांगतायत, आणखी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा. पोरं हसायची, मी टाळ्या घ्यायचो.

पण त्या चित्रानं आणीबाणी एका दिवसानंही आखूड झाली नाही. मार्च 1977 पर्यंत चाललीच ती. बातम्या आधी सेन्सॉरकडे जात होत्या, आत कोणाला टाकलं ते धड छापून येत नव्हतं, आणि अध्यादेश, घटनादुरुस्ती हे सगळं वाचणाऱ्याच्या डोक्यावरून जाणारं. चित्रानं फक्त दाखवलं, सही करणारा कोण, आणि सही घ्यायला दाराबाहेर कोणीतरी उभं आहे. त्या बाहेरच्याचा चेहराही अबूंनी काढला नाही, तरी तो कोणाचा हे सगळ्यांना कळलं. यात ताण हलका होण्यासारखं काय आहे? राग कोणावर धरायचा, तेवढं कळलं.

आता माझं सांगतो. एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या लाटेत, मी एक चौकट काढली, म्हणजे पेपरातलं छोटं व्यंगचित्र. मेडिकलच्या दारात पाटी, ‘रेमडेसिव्हिर शिल्लक नाही’, म्हणजे तेव्हा कोरोनाच्या रुग्णांना द्यायचे ते इंजेक्शन. हातात चिठ्ठी घेतलेला माणूस दुकानदाराला म्हणतोय, “मग ती पाटी तरी द्या. घरी दाखवायला काहीतरी हवं ना.”

छापून आलं त्या सकाळीच फोन. आवाज बसलेला.

“तुम्हीच का ते चित्रवाले? त्यातला माणूस मी आहे.”

मी म्हटलं, साहेब, मी तुम्हाला ओळखत नाही.

“नका ओळखू. पण काढायचंच होतं तर नीट काढायचं. नुसत्या चिठ्ठीवर कोणी उभं तरी करतं का? आधारची झेरॉक्स लागते, पॉझिटिव्ह रिपोर्ट लागतो. तुमच्या माणसाकडे काहीच नाही. आणि तो मेडिकलवाला का हसतोय? आमच्याकडचा रडकुंडीला आला होता. म्हणाला, दादा, वरूनच माल येत नाही, मी काय करू?”

ते हसू नाही, ओठाची रेषा छपाईत जाड आली, असं मी म्हणालो. आपली बाजू मांडायची मला सवयच आहे.

“रेषा तुमचीच ना?”

मग तो बोलतच राहिला. बहिणीचे यजमान ॲडमिट होते. कुठल्या दुकानात काय उत्तर मिळालं, कोणी जादा पैसे मागितले, कोणी दुसऱ्या जिल्ह्यातला नंबर दिला आणि तो लागलाच नाही. सगळं क्रमानं, मध्ये मध्ये माझ्या चित्रात खोट काढत. ते दिवस त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच ओळीनं लागत असावेत, असं आता मला वाटतं. पण हे आताचं, माझ्या सोयीचं वाटणं. तेव्हा हा फोन कधी ठेवतोय असं झालं होतं. “दवाखान्यातून फोन येतोय,” असं म्हणून त्यानंच कट केला.

मी परत लावला नाही. नंबर होता माझ्याकडे. धीर झाला नाही म्हटलं तर शोभून दिसेल. खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीची चौकट द्यायची होती.

दुकानदाराच्या बाबतीत मी अजूनही त्याच्याशी भांडतो, मनातल्या मनात. इंजेक्शनांचा काळाबाजार करताना पकडलेल्यांच्या बातम्या त्याच महिन्यात येत होत्या. सगळेच काही रडकुंडीला आलेले नव्हते. पण ‘वरून माल येत नाही’ मधला तो ‘वर’ माझ्या चौकटीत कुठेच नाही, हेही तितकंच खरं. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळला, 22 रुग्ण दगावले. त्या दिवशी मी कागद कोरा ठेवला. लोकांना ते फार हळवं वाटलं. हळवं कसलं, कोणावर काढायचं तेच मला कळेना.

आणि चित्र बघणाऱ्याच्या हातात गेलं की ते माझं उरतं का, हाही घोळ आहेच. व्यंगचित्रकार शंकर यांचं 1949 चं चित्र आठवा: राज्यघटनेची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. काढलं तेव्हा निशाणा घटनेच्या संथ कामावर होता. 2012 मध्ये तेच चित्र पाठ्यपुस्तकात बघून लोकांना नेहरूंचा चाबूक बाबासाहेबांच्या पाठीवर दिसला. पुण्यात त्या पुस्तकाशी संबंधित एका अभ्यासकाच्या कार्यालयावर हल्ला झाला. हल्ल्याला माझा विरोध आहे, आजही. पण ज्यांना तो चाबूक तसा दिसला त्यांना ‘तुम्हाला विनोद कळत नाही’ असं मी तेव्हा तावातावानं म्हणायचो, आता तोंडातून निघत नाही. चित्र पुस्तकातून काढून टाकलं ते बरोबर होतं, असंही म्हणवत नाही.

तेव्हा सुचतं कसं, हे कृपा करून विचारू नका. सुचणं त्यातल्या त्यात सोपं असतं. विचारायचंच असेल तर कोणावर काढलंय ते विचारा, आणि वेळ काढून या. त्यावर मी भांडायला तयार आहे.