अकरा पाऊण सव्वाआठ

परवा दुपारी जेवून ओटीवर सुपारी कातरत बसलो होतो. आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांतला एक मुलगा आला आणि म्हणाला, "काका, किल्ल्यात चालत कधी जाता येतं?" नागावात उतरणाऱ्या बहुतेकांना समुद्र आणि मासे एवढं पुरतं, पण याला अलिबागचा कुलाबा किल्ला आतून बघायचा होता. मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे मान वळवली. एकादशी. तोंडातून आपोआप निघालं, "अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठची भरती, म्हणजे अडीचच्या सुमाराला पुरती ओहोटी. आत्ता निघा."

त्यानं तोवर फोनात बघितलं होतं. फोन म्हणत होता, दोन पंचवीस. माझ्या अंगात आल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला.

"कसं काढलंत?"

"पाऊणकीनं."

"ती कोण?"

आता याला काय सांगणार? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आम्ही छड्या खाऊन पाठ केल्या. देशात दशमान पद्धत येऊन वर्षं झाली होती, आमच्या गुरुजींपर्यंत ती पोचली नव्हती. पुढे बाकी सगळं विसरलो. पाऊणकी तेवढी राहिली, कारण ती कोळ्यांनी सोडली नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चंद्र रोज पाऊण तास उशीर करतो आणि समुद्र त्याच्या मागून येतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

माझ्या लहानपणच्या दोस्ताला, जाकीला, मात्र पाऊणकी समुद्रासाठी लागत नव्हती, बुकीसाठी लागायची. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर फळ्यावर शंभराला पंचाहत्तरचा भाव दिसला की बाकीचे लोक बोटं मोजत बसायचे. हा लगेच पुटपुटायचा, "चाळीस पाऊण तीस." मास्तर भेटले असते तर पाया पडलो असतो, म्हणायचा. सबंध शाळेत एवढी एकच गोष्ट उपयोगाची निघाली.

त्याचं खरं नाव गावात फक्त रेशनकार्डाला ठाऊक होतं. जाकी, म्हणजे जॉकी, हे नाव पडलं ते पोफळीच्या विरीमुळे. वाडीत विरी, म्हणजे पोफळीची रुंद देठाची झावळी, गळून पडली की तिच्यावर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं देठाला धरून ओढायचं, हा आमचा खेळ. तो काटकुळा, म्हणून तो बसायचा. मी दांडगा, म्हणून मी ओढायचो. ओल्या वाळूवर विरी छान घसरते. वाडीत मात्र नारळाची मुळं लागतात आणि बसणाऱ्याचं बूड सोलवटतं, तरी हा पठ्ठ्या वर बसून ओरडायचा, "पळ घोड्या, पळ!" तेव्हापासून तो जाकी आणि मी घोड्या. साठ वर्षं. माझ्या लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, मागून हलक्या आवाजात "पळ घोड्या" ऐकू आलं होतं. भटजींनीही ऐकलं असणार, कारण मंगलाष्टकाची एक ओळ त्यांनी दोनदा म्हटली.

घोड्यांचं वेड त्याच्या मामाकडून आलं. मामा महालक्ष्मीला एका तबेल्यात मोतद्दार होता. सुटीला गावी आला की अंगाला गवताचा आणि घामाचा वास. आणि तोंडात जॉकींची नावं: पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. साहेबांच्या खेळात ही आपल्यासारखी आडनावं ऐकून आम्हाला फार बरं वाटायचं. बाकी पोरं गावसकर व्हायची. जाकीला वसंत शिंदे व्हायचं होतं, पण तेवढ्यात तो पाच फूट दहा इंच झाला. उंची वाढली त्या वर्षी तो जेवायचाच नाही नीट.

१९७७ साली मामानं आम्हाला डर्बीला, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला, नेलं. फेब्रुवारीतला पहिला रविवार. पहाटेची एसटी, रेवस, तिथून लाँचनं भाऊचा धक्का. अडीच मिनिटांच्या शर्यतीसाठी एवढा प्रवास, हे घरी सांगायची सोय नव्हती. आम्ही 'मुंबईला जातो' एवढंच सांगितलं आणि आईनं मामीसाठी पांढऱ्या कांद्याची एक माळ आमच्या गळ्यात मारली. ती माळ घेऊन आम्ही दिवसभर रेसकोर्सवर हिंडलो.

त्या वर्षी स्क्वांडरर होता. रशीद बैरामजींनी तयार केलेला. आयुष्यात १९ शर्यती पळाला आणि १८ जिंकला, असा घोडा. स्क्वांडरर म्हणजे काय, हे जाकीनं मामाला विचारलं, मामानं कुठल्याशा बाबूला विचारलं, आणि उत्तर आलं, 'उधळ्या'. जाकी खूश. घोडाही उधळतो आणि पैसाही उधळतो, मराठीनं दोघांची एकाच शब्दात सोय लावलेली आहे.

गंमत अशी, की जाकीनं त्याच्यावर पैसे लावलेच नाहीत. "ज्याच्यावर सगळे लावतात त्याला भाव काय मिळणार?" असं म्हणून त्यानं खिशातले दहा रुपये दुसऱ्याच एका घोड्यावर ठेवले. त्याचं नाव आता मला आठवत नाही, बहुधा तेव्हा त्या घोड्यालाही आठवत नसावं. शेवटच्या वळणावरून ते सगळे सरळ आमच्या अंगावर आल्यासारखे आले. टापांचा आवाज कानांनी ऐकू येत नाही, आधी तळपायांना कळतो. स्क्वांडरर जिंकला. जाकीचे दहा रुपये गेले आणि हा माणूस कांद्याची माळ डोक्यावर गरगर फिरवत नाचत होता. मी म्हटलं, "अरे, तू हरलास." तो म्हणाला, "हो, पण बघितलास का?"

परतीची शेवटची लाँच हुकली. रात्री तबेल्यामागच्या मामाच्या खोलीत आडवे झालो. मला दमून लगेच झोप लागली असावी, कारण मध्यरात्री त्यानं मला हलवून उठवलं. भिंतीपलीकडे पेंढ्यावर पाय बदलल्याचा आवाज येत होता, मधेच एखादा फुरफुरत होता. "घोड्या," तो म्हणाला, "हे उभ्या उभ्या झोपतात." एवढं सांगण्यासाठी उठवलं होतं.

पुढे दर डर्बीला गेलोच असं नाही. माझ्या मागे तीन बहिणींची लग्नं, मग वडिलांचं आजारपण. मुंबईची रेस हुकली तर पुण्याची असायची. पावसाळ्यात घोडे पुण्याला असतात, आणि एसटीला पाऊस अडवत नाही. हँडिकॅप नावाचा एक प्रकार त्यानं मला पुण्यालाच समजावला. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. जॉकी हलका असला तर खोगिरात शिसं घालून भरपाई करायची, म्हणजे लंगडे-लुळेही बरोबरीनं पळतील. मला ते अन्यायाचं वाटलं. तो कॅन्टीनच्या चहात पाव बुडवत म्हणाला, "तुझ्यावर वरच्यानं जरा जास्तच शिसं ठेवलंय. म्हणजे तू घोडा चांगला आहेस, असं धर." त्यानंतर त्यानं विषय बदलला आणि मीही.

पैशाचं म्हणाल तर त्यानं कधी घर बुडवलं नाही. दहाची तिकिटं, फार तर पन्नासाची. तरी वहिनींचा राग होताच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे. जाकीनं ते कात्रण प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एलआयसीच्या कागदांबरोबर ठेवलं. भांडण झालं की काढायचा. वहिनी म्हणायच्या, "मग तांदूळ पण कोर्टालाच भरायला सांगा."

त्याचं कौशल्य काय, तर कान. पॅडॉकमध्ये घोडे फिरवतात तेव्हा लोक छाती बघतात, मांड्या बघतात. हा फक्त कान बघायचा. पुढे टवकारलेले असले तर पळेल, मागे पाडलेले असले तर त्याचं मन घरी आहे. घामाघूम झालेल्या घोड्याला हात लावायचा नाही, तो शर्यत आधीच पळून आलाय. असे नियम फार होते. त्यांनी तो जिंकला किती? तिकडे जाऊ नये.

अलिबागच्या किनाऱ्यावर किल्ल्यात नेणारे तांगे असतात, त्यातला एक तांबडा घोडा रेसमधून निघालेला आहे, असा त्याचा दावा होता. तांगेवाला शपथेवर सांगायचा, की मी हा सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलाय. जाकी ऐकायचा नाही. त्या घोड्याला गूळ द्यायला म्हणून अलिबागला जायचा आणि कानात काहीतरी बोलायचा. नागावच्या वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती लागायच्या, बंदीआधीही आणि उठल्यावरही, तिकडे मात्र फिरकायचा नाही. "शेपटी पिरगाळून पळवतात," म्हणायचा. चाबकाचं काय, असं मी विचारलं की त्याला कमी ऐकू यायचं.

डर्बीच्या आदल्या रात्री त्याच्या वाडीत पोपटी ठरलेली. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं आणि वर पेंढ्याचा जाळ. मडकं फोडायच्या आधी पैज: वरची शेंग कच्ची की शिजलेली? दहा रुपये. आमची पैज कशावरही लागायची. आधी कुठली एसटी येईल, कुठला नारळ पडेल, सरपंच भाषणात घड्याळ किती वेळा बघेल. नियम एकच. मी आधी सांगायचं, उरेल ते त्याचं. कारण जॉकीला घोडा निवडता येत नाही, मिळेल तो पळवायचा असतो. रोख व्यवहार नव्हता. हिशेब त्याच्या विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत, भिंतीवर खडूनं.

आणि वाढदिवस! रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी, जन्म कधीचा का असेना. हे कळलं तेव्हा तो हसून हसून विहिरीत पडायचा बाकी होता. आमच्या वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस १ जून. गुरुजींनी दाखल करताना लिहिलेला.

गेला तो कार्तिकात. रात्री छातीत दुखलं, पहाटे संपलं. त्याच्या आदल्याच दिवशी रेसकोर्सच्या १२० एकरांत बाग होणार, ही जुनी बातमी उकरून तो कुणाशी तरी भांडला होता: "तिकडे घोड्यांच्या जागेत बाग करतायत आणि इकडे आपल्या बागांत बंगले." स्मशानापर्यंत बाकीचे खांदा बदलत होते. मी बदलला नाही. भाच्यानं दोनदा विचारलं.

दहाव्याला समुद्रावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. हे नेहमीचंच. मुलगा म्हणाला, वाडी विकणार नाही. वहिनींनी काहीतरी मनातच सांगितलं. सुरूच्या झाडावर दोन कावळे बसले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. लोक माझ्याकडे बघायला लागले, की मित्रानं काहीतरी बोलावं. मी बोलणार तरी काय, माझं लक्ष तिकडे होतंच कुठे? मनात मी केव्हाच म्हणून गेलो होतो: डावीकडचा. दहा रुपये.

उजवीकडचा आला.

भटजींनी सुटकेचा श्वास सोडला. सगळे म्हणाले, शांत झाला. मला त्या क्षणी जे हसू फुटलं ते मी उपरण्यात कोंबलं. लोकांना वाटलं, रडतोय. तेही चूक नव्हतं.

संध्याकाळी तो मुलगा किल्ल्यातून परत आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. "काका, टायमिंग परफेक्ट होतं, पण येताना तांग्याचा घोडा पाण्यात मधेच थांबला. हलेच ना."

"तांबडा होता?"

"हो."

"कान कुठे होते त्याचे?"

"कान?" तो म्हणाला. "डोक्यावर."

बरोबर आहे.

येत्या रविवारी डर्बी आहे. जाईन असं नाही. पंपाच्या खोलीत भिंतीवर त्याच्या अक्षरात अजून आहे, 'घोड्या ४०'. म्हणजे त्याच्याकडून मला चाळीस येणं. त्यातले कावळ्याचे दहा वजा करायला हवेत. खडू खिशात घालून मी दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला वहिनी तिथेच अळूला पाणी घालत होत्या. दुसऱ्या खेपेला कुणी नव्हतं. मी पंप चालू केला, पाणी पाटातून शेवटच्या पोफळीपर्यंत पोचू दिलं, पंप बंद केला आणि दार ओढून घेतलं.