फ्रीलान्सिंग, ॲडव्हान्स टॅक्स आणि माझे गेलेले 1,550 रुपये

ऑगस्ट 2023 मध्ये पुण्यातली नोकरी सोडून मी भुसावळला घरी आलो आणि सॉफ्टवेअरची छोटी-मोठी कामं घ्यायला लागलो. एक क्लायंट परदेशातला, एक पुण्यातला. परदेशातलं पहिलं पेमेंट आलं ते पूर्णच्या पूर्ण, एक रुपया कापलेला नाही, म्हटलं वा, आता खरी कमाई! घरात वडील रेल्वेतून रिटायर, त्यांचा टॅक्स आयुष्यभर पगारातूनच कापून गेला, त्यामुळे टॅक्स आपण होऊन भरायचा असतो हे आमच्या घरात कोणाच्या गावीच नाही. मामाची सावद्याला केळी, शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्सच नाही, म्हणजे तिकडूनही काही कळायची सोय नाही.

मग जुलै 2024 मध्ये रिटर्न भरायला जळगावला एका सीए मॅडमकडे गेलो. सोबत बिलांचा अख्खा पुठ्ठ्याचा खोका नेलेला, लॅपटॉप, इन्व्हर्टर, खुर्ची, नेटचं बिल, सगळं जपून ठेवलेलं. मॅडमनी खोका उघडलाच नाही. म्हणाल्या, तुम्ही 44एडीए मध्ये (आयकर कायद्यातलं तेव्हाचं कलम, ठरावीक व्यावसायिकांसाठी) बसता, वर्षभरात जेवढे पैसे आले त्याचे अर्धे उत्पन्न धरायचे, उरलेले अर्धे खर्च मानले जातात, बिलं दाखवायची गरज नाही. मी खूश. लगेच दुसरं वाक्य, "ॲडव्हान्स टॅक्स भरलाय ना?"

मी म्हटलं, वर्ष तर आत्ता संपलं, ॲडव्हान्स कसला?

तर प्रकरण असं आहे की टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स) वजा करून वर्षाचा टॅक्स 10,000 किंवा त्याच्या वर निघत असेल तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा. इतरांसाठी चार तारखा, 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. 44एडीए वाल्यांना एवढी सूट की सगळा एकदम 15 मार्चपर्यंत भरला तरी चालतो. (हे सगळ्या फ्रीलान्सरना लागू नाही बरं का, ठरावीक व्यवसायांनाच आहे, आधी विचारून घ्या.) माझे 31,000 बाकी निघाले आणि मार्चमध्ये भरले नव्हते म्हणून 234बी कलमाखाली महिन्याला 1 टक्का व्याज, एप्रिल ते जुलै चार महिने, 1,240 रुपये, आणि हप्ता चुकला म्हणून 234सी खाली 1 टक्का, 310. एकूण 1,550. रक्कम मोठी नाही पण जीवाला लागली, कारण पैसे खात्यात पडून होते हो, फक्त माहीत नव्हतं. मामाला सांगितलं तर म्हणे, "वर्ष सरलं नाही अन् सरकारले आधीच पैसे काबर द्यायचे?" आता काय सांगणार.

पुढच्या वर्षी शहाणा झालो. पेमेंट आलं की त्याच दिवशी 5 टक्के दुसऱ्या खात्यात, त्या खात्याचं कार्ड पाकिटात ठेवायचंच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये हिशोबाला बसलो, वर्षाचे साधारण 18 लाख, अर्धे 9 लाख, नव्या रेजीमने (टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी नवी) टॅक्स 40,000, त्यावर 4 टक्के सेस म्हणजे अधिभार 1,600, झाले 41,600. पुण्यातल्या क्लायंटने 18,000 टीडीएस कापलेला, तो 26एएस मध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी उतारा) दिसतोय की नाही ते आधी बघितलं, राहिले 23,600.

15 मार्चला शनिवार आणि आदल्या दिवशी धुळवड, म्हणून 13 लाच होळीच्या दिवशी बसलो. बाहेर पोरं लाकडं गोळा करताहेत आणि मी इन्कम टॅक्सच्या साइटवर ई-पे टॅक्स उघडून असेसमेंट इयरवर (कमाईच्या पुढचं वर्ष, ज्यात त्या कमाईचा टॅक्स ठरतो) अडकलेलो. इथे बहुतेक जण गडबडायचे. कमाई 2024-25 ची, पण असेसमेंट इयर निवडायचं होतं 2025-26. मी आधी 2024-25 च टाकलं होतं, बरं झालं पुढे जायच्या आधी फोन लावला. मॅडम म्हणाल्या एक वर्ष पुढचं टाका, आणि खाली ॲडव्हान्स टॅक्सचा कोड 100 घ्या, 300 नको, 300 म्हणजे सेल्फ असेसमेंट, ते वर्ष संपल्यावर. नंतर माझी बँक यादीतच दिसेना, सहकारी बँक आहे, तेव्हा पेमेंट गेटवेने यूपीआय करून भरले. चलन डाउनलोड केलं, त्यावर बीएसआर कोड (बँकेच्या शाखेचा नंबर) आणि चलन नंबर असतो, ते मेलवर पण टाकून ठेवलं. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, त्यातली वीस त्या इयरवर.

आणि गंमत बघा. एवढं शिकलो आणि 2025-26 ला नियमच बदलले, नव्या रेजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट म्हणजे टॅक्स माफ, माझे 9 लाखांच्या आसपासच, म्हणजे टॅक्स शून्य, ॲडव्हान्स टॅक्स शून्य, उलट कापलेला टीडीएस रिटर्न भरून परत मागायचा. मामाला हे सांगितलं तर लगेच, "मंग मागच्या सालचे तेवीस हजार बी माग की रे भो!"